दूध संस्थेच्या मशीनवरच्या जुन्या नोंदी आपोआप कशा काढायच्या

डेटाबेसमधल्या जुन्या नोंदी काढायच्या म्हटलं की सगळे आधी विचारतात, ‘किती दिवसांच्या वरचं काढू?’ मी कोल्हापुरात शाहूपुरीतून करवीर, पन्हाळा, कागल भागातल्या दूध संस्थांची सॉफ्टवेअर सांभाळते. माझ्याकडे या प्रश्नाला नुसत्या दिवसांत उत्तर नसतं. त्या नोंदीवरचं बिल बंद झालंय का, हे आधी बघायचं आणि मग दिवस मोजायचे. हा क्रम उलटा झाला की सफाई व्यवस्थित चालते आणि हिशोब मोडतो.

आधी टेबलं वेगळी करा. संस्थेच्या मशीनवर साधारण चार तऱ्हेची टेबलं असतात. पहिलं संकलनाचं: सभासदाचा कोड, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारा घनभाग), दर, रक्कम. दुसरं वाचनाचं, म्हणजे वजनकाटा आणि मिल्क अॅनालायझर जे आकडे सतत पाठवतात ते जसेच्या तसे. तिसरं सभासदांना गेलेल्या एसएमएसचं. चौथं, कोण कधी लॉगिन झालं, कोणी काय बदललं याचं.

आता आकडे बघा. ३०० सभासदांची संस्था धरली तर संकलनात रोज ६०० ओळी पडतात, वर्षाला २ लाख १९ हजार. एवढ्यानं कुठलंही मशीन दमत नाही. काट्याचं वाचन मात्र सेकंदाला एक ओळ धरली, तर सकाळचे अडीच तास आणि संध्याकाळचे अडीच तास मिळून रोज १८ हजार ओळी होतात. वर्षाला ६५ लाख ७० हजार. सचिवांचा फोन येतो, ‘ताई, पावती निघायला लई वेळ लागतोय, बाहेर रांग लागलीया,’ तेव्हा दोष बहुतेक वेळा या दुसऱ्या टेबलाचा असतो. म्हणून सफाई त्याची लावायची, एसएमएसची लावायची. संकलनाला हात लावायचा नाही.

हे मी ठासून सांगते, त्याला कारण आहे. एका संस्थेत आधीच्या माणसानं ‘एक वर्षावरचं सगळं काढा’ असा जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावून ठेवला होता. ऐकायला एक वर्ष भरपूर वाटतं. पण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, मग ऑडिट, मग ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा, आणि दूध फरक, म्हणजे सभासदांना लिटरमागे मिळणारा जादा पैसा, दिवाळीच्या तोंडावर वाटायचा असतो. फरक गेल्या वर्षी घातलेल्या प्रत्येक लिटरवर काढतात. ऑक्टोबरात यादी काढायला बसलं, तर एक वर्षाच्या नियमानं आदल्या वर्षीचे एप्रिल ते सप्टेंबर पुसलेले असतात. त्या सचिवांनी जुनी रजिस्टरं काढून सहा महिन्यांचे लिटर हातानं जुळवले. बायांनी वर्षभर उन्हापावसात आणून घातलेलं दूध आहे ते. त्याचा पैसा संगणकातल्या एका ओळीमुळे अडावा, हे मला सहन होत नाही.

कायद्याच्या बाजूनं तीन मुदती ध्यानात ठेवा. जीएसटीची हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. तुमचं गिऱ्हाईक कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशोबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं, आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय बदललं याची नोंद सतत चालू ठेवणं सक्तीचं आहे. तिसरी, सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. म्हणून चौथ्या टेबलातल्या लॉगिनच्या नोंदींना मी २०० दिवसांची मर्यादा देते. बदलांची नोंद मात्र सफाईतून पूर्ण वगळते. उरलेल्या सगळ्या मुदती संस्थेच्या ऑडिटरकडून कागदावर लिहून, सही घेऊन फाईलला लावते. तोंडी ‘काढा की’ म्हणणारा माणूस पुढच्या वर्षी त्या खुर्चीत असेलच असं नाही.

वाचनाच्या टेबलाची मुदत कशी ठरवायची ते जरा नीट बघू. बिल दर दहा दिवसांचं. सभासदाची तक्रार येते ती ‘परवा फॅट कमी कसा लागला’ अशी, आणि ती बिल हातात पडल्यावर, फार तर पुढच्या बिलापर्यंत येते. तेव्हा मूळ वाचन उघडून दाखवलं की वाद तिथंच मिटतो. या हिशोबानं ६० दिवस पुरतात. पण एखादं बिल वादात अडकून उघडंच राहिलं असेल, तर त्या दहा दिवसांचं वाचन ६० दिवस उलटले तरी राहिलं पाहिजे.

इथं मायएसक्यूएलची, म्हणजे ही टेबलं ज्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये असतात त्याची, एक मेख आहे. वाचन आणि बिल ही दोन टेबलं जोडून डिलीट लिहिलं, तर त्याला लिमिट, म्हणजे एका वेळी किती ओळी पुसायच्या ती मर्यादा, लावता येत नाही, आणि लिमिटशिवाय आपल्याला डिलीट चालवायचं नाही. म्हणून सीमा-तारीख आधी वेगळी काढून एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. दोन तारखा घ्यायच्या: आजपासून ६० दिवस मागची, आणि जी बिलं अजून उघडी आहेत त्यांतली सर्वांत जुनी सुरुवातीची तारीख. दोन्हींतली जी आधीची ती आपली सीमा. यासाठी लीस्ट हे फंक्शन आहे. मात्र एकही बिल उघडं नसेल तेव्हा ‘सर्वांत जुनी’ काढणारं मिन हे फंक्शन नल (म्हणजे ‘किंमतच नाही’) देतं, आणि मायएसक्यूएलमध्ये लीस्टला एक जरी नल मिळाला तरी उत्तर नलच येतं. मग अट कुठल्याच ओळीला लागू होत नाही, काहीच पुसलं जात नाही, एररही येत नाही. जॉब रोज ‘यशस्वी’ चालतो आणि टेबल फुगतच जातं. म्हणून मिनला कोअलेसमध्ये गुंडाळा आणि नलच्या जागी ६० दिवस मागचीच तारीख द्या. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये लीस्ट नलकडे दुर्लक्ष करतो, त्यामुळे तिकडून शिकून आलेल्या मुलांच्या हे पटकन ध्यानात येत नाही.

सीमा ठरली की इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची. वाचनाच्या टेबलात नोंदीच्या वेळेच्या कॉलमवर इंडेक्स नसेल तर पुढचं काहीच करू नका. इंडेक्स नसताना इनोडीबी (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) जुन्या ओळी शोधायला पूर्ण टेबल चाळतं आणि चाळलेल्या सगळ्या ओळींवर लॉक धरून ठेवतं; तेवढ्यात काट्यावरून नवी नोंद आली की ती अडकते. इंडेक्स असूनही वापरला जात नाही असंही होतं. अट लिहिताना कॉलमला डेट फंक्शनमध्ये घातलं की इंडेक्स निकामी. कॉलम एकटा डावीकडे ठेवा, गणित सगळं उजवीकडे. खात्री करायला डिलीटच्या आधी एक्स्प्लेन लिहून चालवा; टाईपच्या रकान्यात ‘रेंज’ आलं तर ठीक, ‘ऑल’ आलं तर थांबा.

आता प्रत्यक्ष पुसणं. आदेश बोलायचा तर असा: डिलीट फ्रॉम वाचन, व्हेअर नोंद-वेळ सीमेपेक्षा लहान, ऑर्डर बाय नोंद-वेळ, लिमिट १०००. हा एका स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या आदेशांच्या संचात) रिपीटच्या फेऱ्यात घाला. प्रत्येक डिलीटनंतर किती ओळी गेल्या ते रो-काउंटनं कळतं, पण ते डिलीटच्या अगदी पुढच्याच ओळीत व्हेरिएबलमध्ये उचलून घ्या. मध्ये दुसरा कुठलाही आदेश आला की तो आकडा बदलतो आणि फेरा पहिल्याच वेळी ‘झालं’ समजून बाहेर पडतो. आकडा उचलल्यावर स्लीपनं पाव सेकंद विश्रांती द्या. ओळी शून्य झाल्या किंवा सुरू होऊन १५ मिनिटं झाली की फेरा संपवा, राहिलेलं उद्या. लाखभर ओळी एका दमात पुसायला गेलात तर अंडू लॉग (बदल मागे फिरवता यावेत म्हणून ठेवलेली नोंद) फुगतो, आणि मध्येच लाईट गेली तर मशीन चालू झाल्यावर तो अर्धवट व्यवहार मागे फिरवण्यातच सकाळ जाते. हजाराच्या घासांत लाईट गेली तरी फार तर एक घास वाया जातो.

वेळ कधीची लावायची? पुस्तकात रात्री दोन-अडीच लिहिलेलं असतं. गावात रात्री दोनला मशीन बंद असतं. सकाळचं संकलन आटोपून टेम्पो कॅन घेऊन गेला की सचिव मशीन बंद करून शेताकडं जातात, संध्याकाळी परत येतात. मायएसक्यूएलचा इव्हेंट शेड्युलर (ठरल्या वेळी काम, म्हणजे इव्हेंट, चालवणारा भाग) चुकलेली वेळ नंतर भरून काढत नाही. मशीन बंद असताना वेळ टळली की ती गेली. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये चुकलेलं काम मशीन चालू झाल्यावर लवकरात लवकर उरकायची खूण आहे, पण ती केलीत तर काम पहाटे मशीन चालू झाल्याझाल्या, नेमकं रांग उभी असताना सुरू होतं.

मी असं करते. इव्हेंट दर ३० मिनिटांनी लावते आणि काम करायचं की नाही हे प्रोसीजरलाच ठरवू देते. पहिली तपासणी: गेल्या २० मिनिटांत संकलनात नोंद पडली आहे का? पडली असेल तर गप परत जायचं. दुसरी: सफाईच्या नोंदवहीत आजची ओळ आहे का? असेल तर परत. दोन्ही नसतील तरच पुढे. पावसाळ्यात टेम्पो उशिरा येतो, लग्नसराईत दूध लवकर घातलं जातं, या सगळ्याला हे आपोआप जुळून जातं. दोन फेऱ्या एकमेकांवर चढू नयेत म्हणून सुरुवातीला गेट-लॉक घ्या, थांबण्याची वेळ शून्य द्या; लॉक मिळाला नाही तर बाहेर पडा.

इव्हेंट बनवताना ‘ऑन स्केड्यूल एव्हरी ३० मिनिट’ आणि ‘ऑन कम्प्लिशन प्रिझर्व्ह’ लिहा. शेड्युलर चालू आहे ना, ते बघा: मायएसक्यूएल ८.० पासून तो मुळातच चालू येतो, जुन्या आवृत्त्यांत आणि मारियाडीबीत (मायएसक्यूएलचंच भावंड) बंद येतो. गावागावांत झॅम्प हे तयार पॅकेज टाकलेली मशीनं आहेत, त्यात मारियाडीबी असते. सेट ग्लोबलनं चालू केलात तर मशीन रीस्टार्ट होईपर्यंतच टिकतं, म्हणून कॉन्फिगरेशनच्या फाईलमध्ये लिहून ठेवा. सर्व्हर क्लाऊडवर असेल तर त्याचं घड्याळ बहुधा यूटीसीत असतं, आपल्या साडेपाच तास मागे. तिथं रात्री अडीचची वेळ हवी असेल तर २१:०० लिहावं लागेल.

घड्याळावरून सर्वांत मोठी भीती सांगते. गावातल्या जुन्या मशीनचा सीमॉस सेल (घड्याळ चालू ठेवणारी छोटी बॅटरी) संपतो, तारीख भलतीच होते, कोणीतरी हातानं लावायला जातं आणि वर्ष पुढचं पडतं. त्या क्षणी ‘६० दिवस मागची तारीख’ भविष्यात जाते आणि आजवरचं सगळं वाचन ‘जुनं’ ठरतं. याला दोन कुलपं लावा. एक, संकलनातली शेवटची तारीख आणि मशीनची आजची तारीख यांत तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर असेल तर सफाई करायची नाही, नोंदवहीत ‘थांबवले’ लिहायचं. दोन, पुसण्याआधी त्याच अटीनं काउंट घ्या. रोजच्या सरासरीच्या पाचपटीपेक्षा जास्त ओळी निघाल्या तर थांबा आणि नोंदवहीत तसंच ‘थांबवले’ लिहा. दोन्ही हवीत, कारण चुकीच्या तारखेवर एक संकलन होऊन गेलं की पहिलं कुलूप उघडतं, दुसरं तरीही धरून राहतं. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेला पूर आला तसा आला, रस्ते बंद होऊन संकलन थांबलं, तर पहिलं कुलूप आपोआप लागतं. लागू दे. पुराच्या दिवसांत सफाई झाली नाही म्हणून कोणाचं काही बिघडत नाही.

नोंदवही म्हणजे एक साधं टेबल: सुरुवात, शेवट, सीमा-तारीख, किती ओळी गेल्या, काय झालं. इव्हेंटमध्ये एरर आली तर ती मायएसक्यूएलच्या एरर लॉगमध्ये जाते, आणि गावात ती फाईल कोणी उघडत नाही. म्हणून प्रोसीजरमध्ये एररसाठी हँडलर ठेवा आणि त्याला या टेबलात एक ओळ लिहायला लावा. सचिवांच्या पहिल्या स्क्रीनवर कोपऱ्यात ‘शेवटची सफाई: अमुक तारीख’ एवढं दिसलं की पुरे. ते फोनवर वाचून दाखवतात, मला गावाला जावं लागत नाही.

पहिल्यांदा सफाई लावताना टेबलात चार-पाच वर्षांचं साचलेलं असतं. ते हजार-हजारानं पुसत बसू नका, पाचपटीचं कुलूपही तसं करू देणार नाही. त्याच रचनेचं नवं टेबल बनवा, ठेवायच्या ६० दिवसांच्या ओळी त्यात कॉपी करा आणि एकाच रीनेम आदेशात जुनं बाजूला, नवं त्याच्या जागी असं करा. हे संकलन नसताना, दुपारी करायचं. जुनं टेबल एक पूर्ण बिल छापून होईपर्यंत राहू द्या, मग ड्रॉप करा. ड्रॉप केल्यावर डिस्कवरची जागा खरोखर मोकळी होते. डिलीटनं तसं होत नाही: इनोडीबीची फाईल तेवढीच राहते, आत रिकामी झालेली जागा नव्या ओळींना वापरली जाते. ‘पुसलं तरी सी ड्राईव्ह भरलेलाच’ हा फोन आला तर घाबरू नका. ऑप्टिमाइझ टेबलनं फाईल आखडते, पण ते टेबल नव्यानं लिहितं, म्हणून जवळजवळ टेबलाएवढी मोकळी जागा आधी लागते. डिस्क गच्च भरल्यावर त्याचा उपयोग नाही.

अनेक संस्थांचं वाचन एका मोठ्या सर्व्हरवर येत असेल तर महिन्याचं एक पार्टिशन (टेबलाचा वेगळा साठवलेला तुकडा) करा आणि जुना महिना ड्रॉप करा. कोट्यवधी ओळी क्षणात जातात. अट एवढीच की मायएसक्यूएलमध्ये पार्टिशनचा कॉलम प्रत्येक युनिक कीमध्ये, प्रायमरी कीसुद्धा, असावा लागतो आणि अशा टेबलावर फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी बांधणारा दुवा) चालत नाही.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांकडे बहुतेक ठिकाणी एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस भेटतो. त्यात एजंट, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणारा भाग, मिळत नाही, म्हणून टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडी हे आदेश चालवायचं साधन वापरावं लागतं. २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे; ती गाठली की नवी नोंद पडत नाही. तिथं डिलीट टॉप वापरा आणि घास ५००० च्या खूप खाली ठेवा, कारण एका आदेशात साधारण ५००० लॉक झाले की सर्व्हर अख्खं टेबलच कुलूपबंद करायला बघतो. भट्टीच्या तापमानाचं सेकंदासेकंदाचं वाचन काढा. हीट नंबरशी (भट्टीतल्या एका घाण्याच्या क्रमांकाशी) जोडलेली नोंद काढू नका, कारण कास्टिंग परत आलं की गिऱ्हाईक तीच मागतं. पोस्टग्रेसमध्ये ठरल्या वेळी काम चालवायला पीजी-क्रॉन आहे. पोस्टग्रेसच्या डिलीटला लिमिट नसतं, आतल्या सिलेक्टला लावायचं, आणि पुसलेल्या ओळींची जागा मोकळी करणारं ऑटोव्हॅक्यूम बंद केलेलं नाही ना ते बघायचं.

बॅकअपबाबत एकच, पण सगळेच चुकतात अशी गोष्ट: मायएसक्यूएलडम्प हे बॅकअप काढायचं साधन प्रोसीजर आणि इव्हेंट स्वतःहून बॅकअपमध्ये घेत नाही. ‘रूटीन्स’ आणि ‘इव्हेंट्स’ हे दोन्ही पर्याय लिहावे लागतात. नाहीतर मशीन बदललं, डेटा परत आला, सगळे खूश, आणि सफाई गुपचूप बंद. नव्या मशीनवर शो इव्हेंट्स चालवून बघितल्याशिवाय गाव सोडू नका. त्याच वेळी जुना बॅकअप दुसऱ्या मशीनवर एकदा उघडूनही बघा.

सगळं लिहून झालं तरी पहिले दहा दिवस डिलीटच्या जागी नुसतं काउंट ठेवा. प्रोसीजर रोज नोंदवहीत ‘एवढ्या ओळी काढल्या असत्या’ असं लिहील. बिलाच्या दिवशी सचिवांसोबत बसा: बिल छापा, दोन-तीन सभासदांच्या फॅटचं मूळ वाचन उघडा, एखादं बिल मुद्दाम उघडं ठेवून सीमा मागे सरकते का बघा, घड्याळ एक वर्ष पुढे करून ‘थांबवले’ येतं का बघा आणि घड्याळ परत लावा. हे सगळं जुळलं की काउंटच्या जागी डिलीट घाला.